रेतीखालची नदी



पत्रिकेत आयोजकांनी माझ्या व्याख्यानाचं नाव 'गुप्त नद्यांचा इतिहास' असं छापलं आहे. नाव चुकीचं नाही, पण जरा भारदस्त झालं आहे. मी खाली उतरून, अगदी शब्दशः रेतीत उतरून सुरुवात करतो. तुम्ही यवतमाळचे लोक आहात. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो की पुण्यामुंबईकडे जिला वाळू म्हणतात तिला आमच्याकडे रेती म्हणतात.

आमचं गाव पैनगंगेच्या काठचं, उमरखेडच्या बाजूचं. १९६० च्या आसपासची गोष्ट. वर ईसापूरचं धरण तेव्हा नव्हतं. चैत्र संपला की नदीचं पाणी दिसेनासं व्हायचं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती रेती. आजी डोक्यावर गुंड घेऊन निघायची, मी मागे. पात्राच्या मधोमध बसून ती हातानं रेती उकरायची. कोपरभर खाली गेलं की रेती ओली लागायची, आणखी वीतभर गेलं की तळाशी हळूच पाणी जमायचं. हा झिरा. पहिलं गढूळ पाणी काढून टाकायचं, थोडं थांबायचं, मग वाटीवाटीनं गुंड भरायचा. ते पाणी इतकं गार आणि नितळ असे की त्याची चव मला आजही आठवते.

मी एकदा विचारलं, "आजी, नदी आटली?" ती म्हणाली, "आटली नाही रे बाप्पा, खाली गेली. मिरगात वर येते."

पुढे मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, पस्तीस वर्षं शिकवलं. पण या एका वाक्यात किती गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. नदी दिसत नाही, तरी आहे. वर होती तीच खाली आहे. आणि जी खाली आहे तीच परत येणार आहे. अस्तित्व, तादात्म्य आणि अनुमान हे तिन्ही प्रश्न तिनं एका दमात मिटवले होते. आज आपण ते जरा उलगडून पाहू. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे, ती माझी स्वतःची आहे.

आधी अनुमान. आपल्याकडे 'न्यायसूत्र' नावाचा ग्रंथ आहे, गौतमाच्या नावावरचा. त्यावर वात्स्यायनाचं भाष्य आहे, साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचं. अनुमान म्हटलं की आपल्याला धूर आणि अग्नी आठवतो. पण या भाष्यात दुसरंही एक उदाहरण आहे, नदीचं. नदी फुगलेली दिसली, धार जोरात दिसली, तर वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ओळखतो. पाऊस आपण पाहिलेला नसतो. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणं, याला शेषवत् अनुमान म्हणतात.

गंमत अशी की आक्षेपही त्याच ग्रंथात नोंदवला आहे. नदी फुगली म्हणजे पाऊसच झाला कशावरून? वर कोणी पाणी अडवलं असेल, तो अडथळा फुटला असेल! आपल्या उमरखेडकरांना हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. भर उन्हाळ्यात नदीला पाणी आलं तर आपण पाऊस म्हणत नाही, 'ईसापूरचं सोडलं वाटते' म्हणतो. भाष्यकाराचं उत्तर असं की नुसतं पाणी वाढणं हे लक्षणच नव्हे. धारेचा वेग, फेस, वाहून येणारी फळं, पानं, लाकडं, हे सगळं मिळून लक्षण होतं. म्हणजे अनुमान चुकलं तर दोष अनुमानाचा नसतो, तुम्ही नीट पाहिलं नाही याचा असतो. न दिसणारं म्हणजे न कळणारं नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे न्यायालयात उपयोगी पडणार आहे.

आता जरा नकाशावर या. आपल्या जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. आतल्या अरुणावती, अडाण, पूस, वाघाडी अशा नद्यांचं पाणी शेवटी या दोघींकडेच जातं. पैनगंगा सहस्रकुंडाला उडी घेते आणि पुढे वणीच्या पूर्वेला वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. समोरच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वर. तिथे त्रिवेणी संगम मानतात. गोदावरी एक, प्राणहिता दोन आणि तिसरी अंतर्वाहिनी सरस्वती, जी दिसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात तिथे सरस्वती पुष्कर भरला होता, लाखो लोकांनी स्नान केलं. म्हणजे यवतमाळात पडलेला थेंब ज्या संगमावर गोदावरीला भेटतो, तिथे एक न दिसणारी नदी त्याची वाट पाहत असते, अशी श्रद्धा आहे.

गोदावरीचा उगम पाहा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर ती प्रकटते, गंगाद्वाराला दिसते, मग लुप्त होते आणि खाली कुशावर्तात पुन्हा सापडते. कथा अशी की गौतम ऋषींना ती हुलकावणी देत राहिली, तेव्हा त्यांनी कुश गवताचा वेढा घालून तिला थांबवलं, म्हणून कुशावर्त. (हा गौतम आणि न्यायसूत्रांचा गौतम एकच का, या वादात मी पडत नाही.) कथा बाजूला ठेवली तरी निरीक्षण खरं आहे. आपला दख्खनचा दगड थराथरांचा आहे. वरच्या थराच्या भेगांतून पाणी मुरतं, खाली अभेद्य थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटात झरा होऊन बाहेर येतं. डोंगरावर मुरलेलं पाणी पायथ्याशी निघतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी ते कथेत बांधून ठेवलं.

आता सरस्वती. ऋग्वेदातली सरस्वती पर्वतातून समुद्रापर्यंत जाणारी, गरजणारी नदी आहे. ब्राह्मणग्रंथांच्या काळापर्यंत ती वाळवंटात नाहीशी होते. त्या जागेला विनशन म्हणत. विनशनापासून उगमाजवळच्या प्लक्षप्रास्रवणापर्यंत घोड्याच्या ४४ दिवसांच्या मजला, असं पंचविंश ब्राह्मणात अंतर दिलं आहे. मनुस्मृतीत मध्यदेशाची पश्चिम सीमा म्हणजे विनशन. विचार करा, नदी जिथे दिसेनाशी झाली ती जागा देशाची हद्द ठरली.

पण ती का लुप्त झाली? महाभारतात याचं कारण दिलं आहे आणि ते ऐकायला कडू आहे. शल्यपर्वात बलरामाची तीर्थयात्रा येते. तिथे सांगितलंय की शूद्र आणि आभीर यांच्या द्वेषामुळे सरस्वती तिथे नाहीशी झाली. वनपर्वात म्हटलंय की निषादांनी आपल्याला पाहू नये म्हणून ती भूमीत शिरली. नदी आटल्याचं कारण म्हणजे काठावरचे खालच्या मानलेल्या जातीचे लोक!

हे वाचताना मला आमचा झिरा आठवतो. मघाशी मी त्याचं वर्णन जरा गोड केलं. पूर्ण सांगतो. आमच्या पात्रात झिरे ठरलेले होते. वरच्या अंगाला आमचे, खालच्या अंगाला गुरांचे आणि त्याच्याही खाली वेगळ्या वस्तीतल्या बायकांचे. रेतीखालचं पाणी एकच होतं. वरून खाली तेच सरकत होतं. पण वरच्या झिऱ्यात त्या बायकांनी वाटी बुडवली असती तर गावात काय झालं असतं, हे मला त्या वयातही माहीत होतं. माझी आजी प्रेमळ बाई होती, पण त्या ओळी तिनंही कधी ओलांडल्या नाहीत. पाणी कमी झालं की दोष खालच्याचा आणि पाणी पहिलं वरच्याचं, हा हिशेब फार जुना आहे.

सरस्वतीचं विज्ञान काय म्हणतं? आजच्या घग्गर-हाक्रा नदीचं कोरडं पात्र हाच तिचा माग, असं एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासक म्हणत आले. अलीकडे वाळूच्या कणांवरून ती शेवटची उन्हात कधी होती हे काढता येतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं की सतलज हा पात्रमार्ग सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सोडून गेली होती आणि सिंधू संस्कृतीची तिथली गावं सोडून दिलेल्या खोऱ्यात वसली. २०१९ च्या दुसऱ्या संशोधनाचं म्हणणं वेगळं आहे. सुमारे ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वीच्या काळात तिथे हिमालयातून येणारी बारमाही नदी होती, असं त्यांना दिसलं. वाद चालू आहे आणि चालू राहावा. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोठी नदी निघून गेल्यावरही त्या खोऱ्यात माणसं नांदू शकतात, कारण गाळात मुरलेलं पाणी हाताला लागतं. वरची नदी गेली तरी खालची पुरत होती. हे आजीचंच शास्त्र.

आता इंग्लंडला चला. आपलं यवतमाळ म्हणजे कापूस आणि वणीकडे कोळसा. तिकडे लँकेशायरमध्येही हेच दोन शेजारी होते. एका सूतगिरणीवाल्यानं आपल्या जमिनीत विहीर खोदली होती, गिरणी तिच्यावर चाले. पुढे जवळच दुसऱ्यानं कोळशाची खाण खोदली आणि विहिरीचं पाणी गेलं. गिरणीवाला न्यायालयात गेला. ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल, १८४३. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी निकाल सांगितला आणि गिरणीवाला हरला. युक्तिवाद असा की वरून वाहणारी नदी सगळ्यांना दिसते, काठच्या लोकांचे एकमेकांवर हक्क ठरतात. जमिनीखाली पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते कोणालाच माहीत नसतं. तेव्हा तिथे नदीचा न्याय लावता येणार नाही. ज्याची जमीन, त्याचं खालचं पाणी.

सोळा वर्षांनी, १८५९ मध्ये, चेसमोर विरुद्ध रिचर्ड्स हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. वँडल नदीवरचा एक गिरणीमालक, आणि क्रॉयडन गावाला पाणी पुरवण्यासाठी स्थानिक मंडळानं खोदलेली विहीर. विहिरीत जाणारं पाणी एरवी झिरपत जाऊन नदीलाच मिळालं असतं. म्हणजे नदीच तिच्या पोटातून उपसली जात होती. गिरणीमालक इथेही हरला. नदीत आल्यावर ते पाणी सगळ्यांचं आणि नदीच्या वाटेवर असताना मात्र उपसेल त्याचं!

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, कलम ७ खालची उदाहरणं वाचा. जमिनीखालचं जे पाणी निश्चित प्रवाहमार्गातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे. लँकेशायरच्या कापसाच्या आणि कोळशाच्या भांडणातून निघालेला विचार आपल्या सातबाऱ्याच्या खाली जाऊन बसला. कापूस आपण तिकडे पाठवला आणि कायदा तिकडून आला.

इथे मला वात्स्यायन हवा होता. न्यायाधीश म्हणतात, दिसत नाही म्हणून कळत नाही. नैयायिक म्हणाला असता, खुणा शोधा. आणि खरंच कोणीतरी शोधल्या. जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगनजवळ चुनखडीच्या भेगांत उतरते. उन्हाळ्यात कित्येकदा पात्र कोरडं पडतं. दक्षिणेला बारा-एक किलोमीटरवर आख गावी मोठा झरा उसळतो. दोन्ही पाणी एकच का? १८७७ मध्ये क्नोप नावाच्या शास्त्रज्ञानं डॅन्यूबच्या बुडत्या पाण्यात १० किलो चमकणारा रंग टाकला. सुमारे ६० तासांनी आखचा झरा हिरवा झाला. संपला वाद. पुढे वरच्या आणि खालच्या राज्यांचं भांडण १९२७ मध्ये जर्मनीच्या राज्यांच्या न्यायालयापुढे आलं. निसर्गानं पाणी खाली जात असेल तर सोसावं, पण माणसानं मुद्दाम ते वाढवू किंवा अडवू नये, अशा दिशेनं निकाल गेला. म्हणजे न दिसणाऱ्या नदीच्याही काठांवर शेजारधर्म असू शकतो.

आपल्याकडे कोणाची नदी अशी भुयारातून वाहते का? पाणी पाहणारे कडुनिंबाची फांदी किंवा नारळ हातात घेऊन सांगतात, 'इथून नदी चालली आहे, तीन इंच पाणी लागेल.' तसं भुयार आपल्या बहुतेक जिल्ह्यात नाही. काळ्या दगडात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. वणी, मारेगाव, झरीजामणीकडे दगड बदलतो, वालुकाश्म आणि चुनखडी येते. तिथे कोळशाची खाण खोल गेली की आत झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, हा खाणीचा स्वभावच आहे. पण नदी खालून वाहते ही गोष्ट मात्र खोटी नाही. ती भुयारातून धावत नाही, रेतीतून आणि मुरमातून सरकते. पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी दिसतं, ते काठाच्या जमिनीनं मुरवून ठेवलेलं आणि हळूहळू सोडलेलं असतं. काठावर बोअर वाढले, पाण्याची पातळी पात्राच्या खाली गेली, की उलटं होतं. जमीन नदीला पाणी देण्याऐवजी नदीचं पाणी जमीन ओढून घेते.

आता कबुली. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आटला, चापडोह आटला, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. मीही घाबरलो आणि अंगणात बोअर मारला. दीडशे फुटांवर ओल, अडीचशेला थोडं, सव्वातीनशेला बरं पाणी लागलं. पेढे वाटले. शेजारी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी वडिलांच्या वेळची बांधीव विहीर होती. गल्लीतली चार घरं तिच्यावर तहान भागवायची. पुढच्या उन्हाळ्यात ती विहीर कोरडी पडली. बाई काही बोलल्या नाहीत. एक दिवस गुंड घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, नळी द्याल का थोडा वेळ?"

मी नळी दिली. १८८२ च्या कायद्यानं मी निर्दोष होतो. आणि विहीर माझ्यामुळेच आटली हे मी सिद्ध करू शकत नाही, पाऊसही कमी होता. पण मी अनुमान शिकवणारा माणूस आहे. मला खुणा दिसत होत्या. न्यायमूर्ती टिंडल यांच्यासारखं 'खालचं कोणाला कळतं' असं म्हणून मी सुटू शकत नाही. माझ्या गल्लीतला खाणवाला मीच होतो.

कायदा अगदी थांबलेला नाही. १९९३ मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यावर बंधन आणलं. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींचा वेगळा विचार आहे आणि पाणलोटाच्या पातळीवर गावांनी मिळून पाण्याचं नियोजन करावं अशी कल्पना आहे. केरळात प्लाचिमाडाच्या प्रकरणात २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही लोकांची ठेव मानली. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं पुन्हा जमीनमालकाच्या हक्काकडे कौल दिला. म्हणजे १८४३ चा वाद अजून आपल्या अंगणात चालू आहे.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. पात्रात उतरलो आणि झिरा उकरायचा म्हणून बसलो. रेती जेमतेम वीतभर, खाली दगड. रेती घाटाघाटानं ट्रॅक्टरमध्ये भरून गेली आहे. रेतीच्या एका घनमीटरात अडीचशे-तीनशे लिटर पाणी मावतं. आपण घरं बांधायला रेती नेली असं समजतो. खरं तर आपण नदीचं खालचं घरच उचलून नेलं. 'खाली गेली' म्हणायला खाली जागा तरी हवी ना? आजीचं वाक्य माझ्या हयातीत खोटं होऊ घातलं आहे, याचं मला दुःख आहे.

धन्यवाद. वेळ आहे, एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, मग आम्ही बोअर मारूच नये का? टँकरच्या भरवशावर राहायचं?)

तुमचा प्रश्न रास्त आहे. पाण्यावाचून राहा, असं मी कोणाला सांगणार नाही. मी स्वतः राहू शकलो नाही. मी एवढंच म्हणेन की बोअर मारण्याआधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजा, सगळ्या शेजाऱ्यांना बोलवा, आणि किती उपसणार ते त्यांच्यासमोर ठरवा. छपरावरचं पावसाचं पाणी पुन्हा खाली मुरवा. मी आता छपराचं पाणी गाळून बाईंच्या विहिरीत सोडतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत विहिरीला तळाशी पाणी राहिलं. थोडं, पण राहिलं. त्या परवा म्हणाल्या, "सर, तुमची नळी आता नको." बोअरला लागलेल्या पाण्यापेक्षा त्या वाक्यानं मला जास्त बरं वाटलं.